खावटी उशिरा, बयाणा वेळेवर!

कोरोनाच्या काळात सरकारने शेतकऱ्यांना किती मदत केली याचे आकडे तोंडपाठ असलेले पुढारी आपल्याकडे पुष्कळ आहेत. सभेत उभे राहिले की ते कोटींच्या खाली येत नाहीत. परंतु पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत त्याच आकड्यांचा हिशोब मांडायला बसले, तर कोटींचे हजार होतात, हजारांचे शेकडे होतात आणि अखेर एखाद्या वारली किंवा कातकरी बाईच्या पदराला बांधलेली पाचशे रुपयांची नोट तेवढी हाती लागते. महामारी सरली, टाळ्या-थाळ्यांचा आवाज विरला. हा हिशोब मात्र कुणी विचारला नाही. तो विचारणे हे आम्ही चळवळीचे काम समजतो. कारण पुढची आपत्ती येईल तेव्हा मदतीच्या याद्या याच पद्धतीने होणार आहेत आणि त्यातून गळणारी माणसेही हीच असणार आहेत.

मुळात जव्हार-मोखाड्यात शेतकरी कोणाला म्हणायचे? २०११ च्या जनगणनेनुसार या दोन्ही तालुक्यांत शंभरातील नव्वदहून अधिक माणसे अनुसूचित जमातीची आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी. डोंगरउतारावरची वरकस जमीन, तिच्यात नागली, वरई, उडीद, खुरासणी. खाली सखल तुकड्यात भात. पाऊस धो धो पडतो, पण उतारावर थांबत नाही. मुंबईची तहान भागवणारे मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात उभे आहे आणि त्याच तालुक्यातल्या बायका उन्हाळ्यात हंड्यासाठी मैलोगणती चालतात. एक पीक निघाले की जमीन कोरडी पडते. दिवाळी झाली की घराला काटी लावून माणसे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. चार महिने शेतकरी, आठ महिने मजूर असा हा माणूस आहे. सरकारच्या नोंदवहीत मात्र अशा माणसासाठी रकाना नाही. शेतकरी असेल तर सातबारा दाखव, मजूर असेल तर नोंदणी दाखव, असे त्याला सांगितले जाते. त्याच्याजवळ यातले बहुधा काहीच नसते.

त्याच्याजवळ असतो तो बयाणा. भट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम पावसाळ्यातच पाड्यावर येतो. घरात दाणा संपलेला असतो, भात अजून पोटरीत असते, पोर तापाने फणफणलेले असते. त्या वेळी मालक हातावर रोख पैसे ठेवतो. कागद मागत नाही, आधार मागत नाही, बँकेत हेलपाटे घालायला लावत नाही. बदल्यात पुढच्या हंगामाचे सगळ्या कुटुंबाचे श्रम तो लिहून घेतो. भट्टीवर आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते आणि हिशोब हंगामाच्या शेवटी होतो. विटा कमी भरल्या, माणूस आजारी पडला, तर बाकी अंगावर राहते आणि ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. लग्नासाठी कर्ज घेऊन सावकाराच्या घरी राबणारे लग्नगडी या भागाने पाहिले आहेत. बयाणा हे त्याचेच आजचे रूप आहे.

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला तो नेमका भट्टीच्या हंगामाच्या मध्यावर. ज्यांचा हिशोब दोन महिन्यांनी व्हायचा होता ते मजूर अंगावरच्या बाकीसह अडकले किंवा मुलाबाळांना काखोटीला मारून पायी घराकडे निघाले. एसटी बंद, बाजार बंद, नाक्यानाक्यावर पोलीस. हे लोक घरी पोहोचले तेव्हा मजुरी हातात नव्हती आणि कणगीत नागली नव्हती. अशा माणसापर्यंत सरकारची मदत कशी पोहोचली ते आता पाहू.

२६ मार्च २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचे गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यात सुमारे ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना एप्रिलमध्ये दोन हजार रुपये मिळतील ही घोषणा सर्वांत मोठ्या अक्षरांत छापली गेली. हे पैसे कोणते होते? २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेत वर्षाला सहा हजार रुपये तीन हप्त्यांत द्यायचे ठरलेलेच होते. त्यातलाच एक हप्ता जरा आधी दिला. ठरलेला पगार पहिल्या तारखेला दिला आणि त्यालाच बोनस म्हटले, असा हा प्रकार. शिवाय हा हप्ता फक्त ज्याच्या नावावर लागवडीची जमीन आहे त्यालाच. दुसऱ्याची जमीन कसणारा, खंडाने करणारा, वनजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसूनही ज्याचा दावा दप्तरात पडून आहे असा माणूस या योजनेत शेतकरीच ठरत नाही. त्याच्या हातावरचे घट्टे सातबाऱ्यावर उमटत नाहीत.

त्याच पॅकेजमध्ये महिलांच्या जनधन खात्यांवर एप्रिल ते जून असे तीन महिने पाचशे-पाचशे रुपये जमा झाले. खाते जनधनचे असेल तर पैसे, साधे बचत खाते असेल तर नाही. पाड्यावरून बँक गाठायची तर जव्हार, मोखाडा नाही तर खोडाळा. गाड्या बंद असताना ही पायपीट पाचशे रुपयांसाठी करायची. रेशनवर माणशी पाच किलो मोफत धान्य मिळाले, ते मात्र खरोखर उपयोगी पडले, हे मान्य केले पाहिजे. ज्यांचे कार्ड धड होते त्यांची चूल त्या धान्यावर पेटली. परंतु लग्नानंतर वेगळे झालेले, कार्डात नाव न चढलेले, भट्टीवर असताना कार्ड घरी राहिलेले असे किती तरी लोक या पाच किलोच्याही बाहेर राहिले.

आता राज्य सरकारचे काय ते पाहू. आदिवासींसाठी महाराष्ट्रात खावटी कर्जाची योजना १९७८ पासून होती. पावसाळ्यात काम नसते, घरात धान्य नसते, त्या दिवसांत आदिवासीने सावकाराच्या दारी जाऊ नये हाच तिचा हेतू होता. खावटी या शब्दातच खाणे आहे. २०१३ च्या सुमारास ही योजना थंडावली. कोरोना आला तेव्हा सरकारला तिची आठवण झाली आणि सप्टेंबर २०२० मध्ये खावटी अनुदानाचा शासन निर्णय निघाला. या वेळी कर्ज नाही, शंभर टक्के अनुदान. कुटुंबाला चार हजार रुपये, त्यातले दोन हजार बँक खात्यात आणि दोन हजारांच्या वस्तू. ११ लाख ५५ हजार कुटुंबे, खर्च ४८६ कोटी. निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो. कर्जाऐवजी अनुदान देणे योग्यच होते. कातकरी, कोलाम, माडिया यांसारख्या आदिम जमातींची २ लाख २६ हजार कुटुंबे सरसकट घेतली हेही योग्यच होते.

पण रकमेचा आणि वेळेचा हिशोब करा. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे खावटीचे चार हजार ही सतरा दिवसांची मजुरी झाली. साऱ्या महामारीच्या वर्षाला सतरा दिवस! आणि हे सतरा दिवसही आले केव्हा? भुकेचे दिवस जून ते सप्टेंबर. शासन निर्णयच सप्टेंबरात निघाला. मग सर्वेक्षण सुरू झाले, आश्रमशाळांच्या शिक्षकांना अर्ज भरून घेण्याच्या कामाला जुंपले, आधार, बँक पासबुक, जातीचा दाखला यांची मागणी झाली. १३ एप्रिल २०२१ रोजी दुसऱ्या लाटेचे निर्बंध जाहीर करताना तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ५,४७६ कोटींचे पॅकेज सांगितले. त्यात बारा लाख आदिवासी कुटुंबांना खावटीचे दोन हजार रुपये हेही एक कलम होते. म्हणजे पहिल्या लाटेच्या मदतीची रक्कम दुसऱ्या लाटेच्या पॅकेजमध्ये पुन्हा मोजली गेली. वस्तूंचे वाटप तर त्याच्याही मागाहून झाले. २०२० चा अख्खा पावसाळा कोरडा गेला. त्या पावसाळ्यात पाड्यावर वेळेवर पोहोचला तो एकच पैसा, भट्टीमालकाचा बयाणा. सरकारची खावटी उशिरा आणि मालकाचा बयाणा वेळेवर, हेच या भागातल्या वेठबिगारीचे खरे कारण आहे.

वस्तू देण्यामागचा विचारही तपासला पाहिजे. मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, डाळी, साखर, तेल, मीठ, मिरची, मसाला, चहापत्ती अशी यादी मंत्रालयात ठरली. खरेदी वरून, वाहतूक वरून, वाटप वरून. आमचा साधा सवाल आहे. पीएम-किसानच्या शेतकऱ्याला सरकारने कधी मटकीचे पुडके दिले काय? त्याला रोख पैसे, कारण तो व्यवहारी. आदिवासीला पुडके, कारण त्याच्या हातात पैसा टिकत नाही, अशी ही समजूत आहे. ही समजूत जातीच्या अहंकारातून येते. ज्या बाईने चार किलो नागलीवर दहा माणसांचे महिने काढले तिला दोन हजार रुपये कसे खर्च करावेत हे शिकवणारे आपण कोण? शिवाय खरेदी म्हटली की निविदा आली, निविदा आली की ठेकेदार आला आणि ठेकेदार आला की दिरंगाई आली. ती दिरंगाई कुणाच्या पोटावर बसली ते वर सांगितलेच आहे.

यादीच्या अटींकडे पाहा. चार लाख कुटुंबे घेतली ती २०१९-२० मध्ये रोजगार हमीच्या कामावर किमान एक दिवस हजेरी असलेली. १ लाख ६५ हजार घेतली ती वैयक्तिक वनहक्क मंजूर झालेली. ६४ हजार पारधी कुटुंबे घेतली. उरलेली तीन लाख म्हणजे विधवा, परित्यक्ता, अपंग, भूमिहीन असे गरजू. आता मोखाड्यातले एक वारली कुटुंब घ्या. वारली आदिम जमातीच्या यादीत नाहीत. गावात रोजगार हमीचे काम निघाले नाही म्हणून हे कुटुंब भट्टीवर गेले, तेव्हा हजेरीपटावर त्याचा एक दिवसही नाही. वनहक्काचा दावा मंजूर नाही, तेव्हा तेही दार बंद. म्हणजे सरकारने काम दिले नाही आणि जमिनीचा निकाल दिला नाही, या सरकारच्याच दोन चुकांची शिक्षा म्हणून ते कुटुंब साहेबाच्या मर्जीवरच्या तिसऱ्या रांगेत उभे. याला न्याय म्हणायचे काय?

वास्तविक ही यादी कोणी करायची हे कायद्यात लिहून ठेवलेले आहे. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात मोडतात. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की गरिबी निर्मूलनाच्या योजनांचे लाभार्थी ग्रामसभा ठरवील. अनुसूचित जमातींना दिल्या जाणाऱ्या सावकारी कर्जावर नियंत्रणाचा अधिकारही हाच कायदा ग्रामसभेला देतो. महाराष्ट्राने या कायद्याचे नियम २०१४ मध्ये केले. कोणत्या घरात चूल पेटली नाही हे पाड्यावरच्या दहा माणसांना विचारले असते तर एका संध्याकाळीत यादी झाली असती. अंतर ठेवून, झाडाखाली बसून झाली असती. पण गरिबाच्या शब्दापेक्षा कागदावर विश्वास ठेवणारी ही व्यवस्था आहे.

या उशिराची किंमत काय असते? मोखाडा तालुक्यातील एका कातकरी मजुराचे प्रकरण २०२१ मध्ये वर्तमानपत्रांतून आले. मुलगा वारला, कफनाला पैसे नव्हते, म्हणून त्याने पाचशे रुपये उसने घेतले आणि त्या पाचशे रुपयांपोटी त्याला राबवून घेतले गेले, अशी तक्रार होती. अखेर त्या मजुराने आपले जीवन संपवले. वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. पाचशे रुपये! सरकारने जनधन खात्यात महिन्याला टाकले तेवढेच. शहरातल्या माणसाला ही रक्कम किरकोळ वाटते, पण ती वेळेवर हातात नसेल तर माणूस विकला जातो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने गुन्हा ठरली. त्याच्याही आधी बाबासाहेबांच्या संविधानाने कलम २३ मध्ये तिला मनाई केली. कायदा पुस्तकात आहे, बयाणा खिशात आहे.

मदत जमिनीच्या मापाने वाटली की काय होते याचा आणखी एक दाखला देतो. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टी झाली तेव्हा राज्य सरकारने दहा हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले. शेतीपिकांना हेक्टरी दहा हजार, फळपिकांना हेक्टरी पंचवीस हजार, मर्यादा दोन हेक्टरची. ज्यांचे नुकसान झाले त्यांना मिळाले यात आमचे दुखणे नाही. शेतकरी कोणताही असो, बुडाला तर त्याला हात दिलाच पाहिजे. पण दहा गुंठे नागली वाहून गेलेल्या माणसाला या मापाने हजार रुपये मिळतात आणि दोन हेक्टर बाग असलेल्याला पन्नास हजार. नागलीवाल्याच्या घरात त्याच दहा गुंठ्यांवर सगळ्यांचे वर्षाचे पोट असते. पैसे नाहीत म्हणून खावटी चार हजारांवर थांबली, असे कुणी सांगू नये. दहा हजार कोटी आणि ४८६ कोटी हे दोन आकडे एकाच वर्षातले, एकाच तिजोरीतले आहेत.

हे दुखणे आपल्याच देशातले आहे असे नाही. अमेरिकेतही २०२० मध्ये शेतकऱ्यांना कोरोना मदत वाटली ती उत्पादनाच्या मापाने, त्यामुळे मोठ्या शेतमालकांना मोठी आणि काळ्या शेतकऱ्यांच्या वाट्याला नगण्य. मार्च २०२१ मध्ये तेथील सरकारने काळ्या आणि इतर वंचित शेतकऱ्यांचे कर्ज माफ करण्याचा कायदा केला, तर गोरे शेतकरी कोर्टात गेले, कोर्टाने स्थगिती दिली आणि २०२२ मध्ये ती तरतूदच रद्द झाली. सर्वांना समान माप लावा असे म्हणणारे लोक जमीन मुळात कुणी कुणाची घेतली हे कधी सांगत नाहीत, तिथेही आणि इथेही.

म्हणूनच हा प्रश्न शेवटी जमिनीपाशी येतो. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी कौन्सिल हॉलवर आणले. १९४७ मध्ये त्यांनी राज्ये आणि अल्पसंख्याकांविषयीच्या आपल्या मसुद्यात शेती राज्याच्या मालकीची असावी आणि ती जातपात न पाहता कसायला द्यावी असे मांडले, जेणेकरून जमीनदारही राहू नये आणि भूमिहीनही राहू नये. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारून हजारोंनी तुरुंग भरले. तो सत्याग्रह कुण्या एका जातीसाठी नव्हता, कसणाऱ्यासाठी होता. जव्हार-मोखाड्याच्या शेजारी डहाणू-तलासरीत १९४५ मध्ये वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला, तोही त्याच वाटेवरचा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला रक्ताळलेल्या पायांनी आलेल्या मोर्चात आदिवासी वनजमिनीसाठीच चालत होते. वनहक्क कायदा २००६ चा आहे. प्रलंबित दाव्यांचा निकाल अजून मागावा लागतो, यापेक्षा या राज्यकर्त्यांच्या इच्छेचा दुसरा पुरावा कशाला हवा?

आणि ही रेघ पुसट होत नाही, उलट ठळक होत आहे. २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी योजना आणली, तिचे सहा हजार पीएम-किसानच्याच यादीला. २०२५ पासून शेती योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तोही जमिनीच्या नोंदीला बांधलेला. सातबारा असलेल्याला सहाचे बारा हजार झाले. नसलेल्याची खावटी महामारीबरोबर आली आणि महामारीबरोबर गेली.

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालके दगावली तेव्हा मंत्री धावले, कार्यालये आली, योजना आल्या. मेल्यावर धावणारे सरकार आम्हाला नको आहे. आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. खावटी ही दरवर्षी मिरगाच्या आधी, पूर्ण रोखीने मिळाली पाहिजे आणि ती कायद्याने हक्क म्हणून मिळाली पाहिजे. तिची यादी पेसा कायद्याप्रमाणे पाड्याच्या ग्रामसभेने करावी. ज्यांचा वनहक्क दावा प्रलंबित आहे त्यांना ग्रामसभेच्या दाखल्यावर शेतकरी समजून प्रत्येक मदत द्यावी आणि दाव्यांचा निकाल मुदतीत लावावा. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची आणि त्याने घेतलेल्या बयाण्याची नोंद ग्रामपंचायतीत व्हावी. वेठबिगार निर्मूलन कायद्यातील दक्षता समित्यांनी ती वही हातात घेऊन भट्ट्यांवर जावे.

या मागण्यांसाठी आदिवासी संघटना आपापल्या परीने लढत आहेत. आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्त्यांनी त्यांच्या शेजारी उभे राहिले पाहिजे. पालघर, ठाणे, नाशिकच्या आपल्या शाखांनी यंदा पावसाळ्यापूर्वी जव्हार-मोखाड्यातील एकेका पाड्याची यादी ग्रामसभेकडून करून घ्यावी, ती तहसीलदार आणि प्रकल्प अधिकारी यांच्या टेबलावर ठेवावी आणि तिची पोच घ्यावी. बयाण्याचा माणूस पाड्यावर पोहोचण्याआधी आपला माणूस तिथे पोहोचला पाहिजे.